सोनगीर
महाराष्ट्र राज्याच्या धुळे जिल्ह्यातील, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. ते धुळ्याच्या उत्तरेस सु. २० किमी. अंतरावर मुंबई–आग्रा महामार्गावर वसले असून तेथून दोंडाईचाकडे रस्ता फुटतो. गावालगतच्या टेकडीवरील किल्ल्यावरून या मार्गावर नजर ठेवता येई. फारुकींचा खानदेश १६०१ मध्ये मोगलांकडे, १७५२ च्या भालकीच्या तहाने मराठ्यांकडे व १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. त्याबरोबर किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले. व्यवसायाला लागणारा धातू येथे सापडत नाही. तो बाहेरून येई आणि तांबटांनी ठोकून घडविलेले हंडे, घागरी बाहेरच्या बाजारांत जात. स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या प्रसाराने या भांड्यांची मागणी घटली. तथापि गावाची ओळख आजही किल्ल्यापेक्षा तांबटकामामुळेच अधिक आहे.