लोहाफेक्स प्रयोग

दक्षिणी महासागराच्या अटलांटिक भागात 2009च्या आरंभी झालेला भारत-जर्मनीचा संयुक्त प्रयोग. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून सुमारे 300 चौ. किमी. पाण्यात फेरस सल्फेट सोडले. लोहामुळे वाढलेले शैवाल हवेतील कार्बन तळाशी नेते का, हे पाहायचे होते. शैवाल वाढले, पण सिलिकेटअभावी डायाटम फोफावले नाहीत, इतर शैवाल कोपेपॉड या इवल्या प्राण्यांनी फस्त केले आणि कार्बन फारसा खाली गेला नाही.

समुद्रात लोह सोडण्याबाबत सावधगिरी सांगणाऱ्या, जैवविविधता कराराच्या 2008च्या ठरावाचा दाखला देत जर्मन पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली व काम काही दिवस रोखले गेले. 2010मध्ये याच कराराच्या नागोया येथील परिषदेत हीच सावधगिरी सूर्यप्रकाश परतवण्याच्या उपायांनाही लावली गेली, मात्र बंधनकारक न करता. ही उणीव गंभीर आहे. संयुक्त राष्ट्र पर्यावरण सभेतील याविषयीचे 2019 व 2024चे प्रस्ताव मतभेदांमुळे बारगळले.

सूर्यप्रकाश परतवण्यासाठी स्थितांबरात सल्फेट फवारल्यास मोसमी पाऊस बदलू शकतो. अहिल्यानगरच्या पारनेर, पाथर्डीसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांत पावसातील थोडी घटही खरीप बुडवू शकते. उत्सर्जन न घटवता सुरू केलेली फवारणी अचानक थांबली, तर दबलेली तापमानवाढ काही वर्षांतच उसळेल.