आधी पाणी, मग चाक, मग डोंगर

दुखापतीतून उठणाऱ्या खेळाडूला घरचे, शेजारचे आणि कधीकधी प्रशिक्षकही एकच सांगतात: आधी पूर्ण बरा हो, मग शर्यतीचं बघू. सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो. पण बरं होणं ही एक गोष्ट आणि शर्यतीत उतरणं ही तिच्यानंतरची दुसरी, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. असा रुग्ण फार काळ जगायचा नाही, असंच तेव्हा वैद्यकात धरून चालत. गुटमन यांनी खेळ औषधपाण्याइतकाच नेमाचा केला, आणि त्यातूनच १९६० मध्ये रोमला आज आपण पॅरालिंपिक म्हणतो ती स्पर्धा उभी राहिली. म्हणजे स्पर्धा बऱ्या झालेल्यांसाठी राखून ठेवलेलं बक्षीस नव्हती, ती उपचाराचाच एक भाग होती. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याबद्दल हे मुद्दाम मांडायचं कारण असं की आडवाटेच्या ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, डोंगरी सायकल आणि पायवाटेवरचं धावणं अशा सलग शर्यतीला, जे लागतं ते सगळं, पाणी, जंगलातली पायवाट आणि डोंगर, इथे हाकेच्या अंतरावर होतं. त्यातली पहिली पायरी म्हणजे पाणी. तीच या पट्ट्याने गमावली, आणि त्याची किंमत दुखावलेल्या शरीराला सर्वांत जास्त मोजावी लागते.

पाण्याला पहिली पायरी का म्हणायचं, याचं सर्वांत ठळक उत्तर महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात ईएमई दलात जवान होते, आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या, एक पाठीच्या कण्यात रुतून बसली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पोहायला सांगितलं गेलं. पोहणं सुरू झालं ते पदकासाठी नव्हे. १९६८ मध्ये तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. या कहाणीतला एक तपशील सहसा मागे पडतो. त्याच हायडेलबर्गमध्ये पेटकर भालाफेकीच्या दोन प्रकारांत आणि स्लॅलममध्येही अंतिम फेरीत पोचले होते. स्लॅलम म्हणजे चाकाची खुर्ची अडथळ्यांमधून वळवत, उतार-चढावांवरून सांभाळत नेण्याची शर्यत. आधी पाणी, मग अडथळ्यांच्या वाटेवरचं चाक: आडवाटेच्या ट्रायथलॉनचे दोन टप्पे हा माणूस त्या खेळाला नाव मिळण्याआधीच करून बसला होता. सरकारला पद्मश्री द्यायला २०१८ उजाडावं लागलं, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

ट्रायथलॉनचा स्वतःचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन डिएगोच्या मिशन बे इथे जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन यांनी भरवलेल्या शर्यतीची सुरुवात पळण्याने होती आणि पोहणं शेवटाकडे. अंधार पडला तेव्हा मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात शेवटच्या स्पर्धकांना पाण्याबाहेर आणावं लागलं. थकलेल्या माणसाला पाण्यात सोडणं धोक्याचं, म्हणून पोहणं, सायकल, पळणं हा क्रम पुढे रुळला. १९७८ मध्ये हवाईत झालेल्या पहिल्या आयर्नमॅनमध्ये तो होता, आणि १९९६ मध्ये माउई बेटावर डोंगरी सायकल व पायवाटेवरचं धावणं घेऊन एक्सटेरा ही आडवाटेची शर्यत सुरू झाली, तिच्यातही तोच राहिला. हा क्रम सुरक्षिततेसाठी ठरला, जखमींचा विचार करून नव्हे. तरीही गुडघा किंवा घोटा दुखावलेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट बहुधा याच क्रमाने मोकळं करतो. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. सायकलवर वजन खोगिरावर जातं आणि सांधा एकाच रेषेत हलतो. खडकाळ उतारावरचं धावणं, जिथे प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं, ते सगळ्यात शेवटी.

आता या पट्ट्याकडे पाहू. अंबरनाथच्या दक्षिणेला टावलीचा डोंगर आणि त्यापलीकडे मलंगगडाचा सुळका, म्हणजे तिसरा टप्पा घराच्या खिडकीतून दिसतो. मलंगगडावर हाजी मलंगच्या दर्ग्याला जाणारी पायऱ्यांची वाट आहे, आणि ज्याचे पाय चालत नाहीत त्याला खांद्यावरून वर नेणारे डोलीवालेही तिथे आहेत. अधू माणसाला डोंगर कसा चढवायचा, या प्रश्नाला या मुलखाने दिलेलं ते जुनं उत्तर. पाण्याची गोष्ट मात्र दुःखाची आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळात, शके ९८२ मध्ये म्हणजे १०६० साली वालधुनीच्या काठावर उभं राहिलं. मंडपातून गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, बाहेर भिंतीभर कोरीवकाम आहे, आणि लागूनच नदी. महाशिवरात्रीच्या जत्रेला येणारा माणूस त्या नदीत स्नान करून दर्शनाला जात असे, हे आजच्या वालधुनीकडे पाहून कुणाला पटणार नाही. वालधुनी उगम पावते त्या काकोळ्याच्या डोंगरात जीआयपी रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी तलाव बांधला, इतकं ते पाणी भरवशाचं होतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प नंबर सांगतात. सर्वस्व गमावून आलेल्या त्या लोकांनी मिळेल तो धंदा उभारला आणि त्यांच्या जिद्दीबद्दल आदरच वाटतो. पण पुढच्या दशकांत जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांचं आणि अंबरनाथच्या रासायनिक उद्योगांचं सांडपाणी वालधुनीतच गेलं. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस नदीत ओतलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात जावं लागलं. ज्या नदीच्या नुसत्या वाफेने माणूस आजारी पडतो, तिच्यात बरा होण्यासाठी कोण उतरणार?

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो वजनदार आहे. घाई केली की जखम उलटते. ओस्लो आणि डेलावेअर इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की गुडघ्याच्या एसीएल शस्त्रक्रियेनंतर खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचं प्रमाण निम्म्याने घटलं. हे खरं आहे आणि ते पाळलंच पाहिजे. पण तो अभ्यास फुटबॉल, हँडबॉलसारख्या, पाय रोवून गर्रकन वळायला लावणाऱ्या खेळांबद्दल बोलतो. ट्रायथलॉनमध्ये टप्पे वेगळे काढता येतात. रिले प्रकारात एक जण पोहतो, दुसरा सायकल चालवतो, तिसरा धावतो. डॉक्टरांनी पोहण्याला हरकत नाही म्हटलं असेल, तर सहाव्या महिन्यातला गुडघा पाण्याचा टप्पा पार करून वेळ मोजणारी चिप साथीदाराच्या हाती देऊ शकतो, टावलीच्या उतारावर न जाता. पेटकर मुष्टियुद्धाकडे परतू शकत नव्हते, आणि परतलेही नाहीत. शरीराने जी वाट मोकळी ठेवली तिथे ते स्पर्धेत उतरले.

दुसरा आक्षेप असा की तरणतलाव असताना नदी कशाला? तरणतलाव हवेतच, आणि उपचाराची सुरुवात तिथेच व्हावी. पण पन्नास मीटरच्या भिंतीला हात लावून थांबण्याची सवय झालेला माणूस आडवाटेच्या शर्यतीच्या पाण्यात घाबरतो, कारण तिथे तळ दिसत नाही आणि धरायला काही नसतं. ती सवय उघड्या पाण्यातच लागते. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या धबधब्यावर दर पावसाळ्यात माणसं बुडतात आणि बंदीचे हुकूम निघतात, हेही सांगितलं जातं. ते मरण पावसाळी लोंढ्यातलं, पोहता न येणाऱ्यांचं, तिथे कुणी राखण करत नसल्यामुळे आलेलं आहे. शर्यतीचा हंगाम पावसानंतरचा असतो.

सगळ्यात रास्त हरकत पिण्याच्या पाण्याची आहे. बारवी आणि चिखलोलीची धरणं लाखो घरांची तहान भागवतात. बारवीसाठी गावं उठली आहेत. तिथे शर्यतीसाठी कुणी उतरू नये. उरते ती उल्हास नदी. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते. तिच्यावरही बदलापूरचा बंधारा आहे आणि त्याचं पाणी नळाला जातं, त्यामुळे पोहण्याची जागा बंधाऱ्याच्या खालच्या बाजूलाच शोधावी लागेल. पण खाली गेलं की शहरांचं सांडपाणी मिसळतं आणि जलपर्णी पसरते. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये इथल्या महापालिका-नगरपालिकांनाही नदीच्या नुकसानीला जबाबदार धरलं होतं. सांडपाणी प्रक्रिया करूनच नदीत सोडणं ही त्या निकालातली साधी अपेक्षा. ती पूर्ण होईपर्यंत या तीन शहरांतल्या लंगडणाऱ्या धावपटूला डोंगर आहे, सायकलची वाट आहे, आणि दोन्हींच्या आधी जिथून सुरुवात करायची ते पाणी नाही.