कमानीखालचं शेवाळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वसईच्या किल्ल्याचे आजवर किती फोटो निघाले असतील, याची गणती नाही. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत डॉक्टरी करणारे डॉ. गर्सन दा कुन्हा यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही छायाचित्रं होती. तेव्हापासून आजच्या लग्नाळू जोडप्यांच्या फोटोंपर्यंत कॅमेरा वळतो तो कमानींकडे, बुरुजांकडे, चर्चच्या उंच भिंतींकडे. त्याच भिंतींच्या सांध्यांत पावसाळ्यात उगवणारं शेवाळ, नेचे, तेरडा मात्र सहसा चौकटीबाहेर राहतात. चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ला जिंकला, हे शाळेतलं पोरही सांगेल. तटावरच्या गवतफुलांची बखर लिहायला मात्र कुणी बसलं नाही.

दोष सगळा माणसांचा नव्हे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक उत्साही सभासद. त्या काळी रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत तो धुवायचा, असा खटाटोप असे. काचेवर पुरेसा उजेड पडायला कित्येक सेकंद लागत. कमान तेवढा वेळ उभी राहते. टोळ थांबत नाही.

पुढे कोरड्या काचा आल्या आणि हौशी माणसाचे हात मोकळे झाले. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याने कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडला आणि १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा फोटो टिपला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पुढे शेती सांभाळून त्याने पाच हजारांवर हिमकण टिपले. हातावर पडताच विरघळणारी ती वस्तू. तिचं रूप जगाला कळलं ते या माणसाच्या हौसेमुळे.

आमच्या घरच्या बोलण्यात शौक म्हणतात, मराठीत हौस. दोन्ही शब्द आपण जरा हलक्यानेच घेतो. पण निसर्गाच्या नोंदींचा इतिहास पाहिला तर हौशी माणसांनी त्यात मोठं काम केलेलं दिसतं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. दोघांचाही पेशा डॉक्टरी. आपापले नमुने आणि टिपणं एकमेकांना दाखवावीत, एवढ्याशा निमित्ताने सुरू झालेली ती संस्था आज जगभर ओळखली जाते.

आपल्या काळातलं उदाहरण पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर यांचं. शिक्षणाने इंजिनियर. सह्याद्री पालथा घालत त्यांनी रानफुलांचे फोटो काढले आणि २००१ साली 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' हे पुस्तक काढलं. त्यात पाचशे जातींची फुलं आहेत. पायाखाली येणारं बोटाच्या पेराएवढं फूल नावानिशी ओळखता येतं, हे त्यातून अनेकांना कळलं.

आता तर खिशातला मोबाइलही जवळचा फोटो घेतो. वसई-विरारकराने दूर जायला नको. भुईगाव, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओल्या वाळूवर मुगाएवढ्या गोळ्यांची नक्षी पाहावी. इवलेसे खेकडे वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं अन्न गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. भरती आली की नक्षी पुसली. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आहे. पहिल्या पावसात मखमली अंगाचा लाल मृगाचा किडा आहे. सकाळची तिरपी उन्हं, टेकलेले गुडघे आणि थोडा धीर, एवढं भांडवल पुरतं. फांदी मोडायची नाही, किडा उचलून 'नीट' बसवायचा नाही, हे पथ्य पाळावं.

जवळपास नवं काय सापडणार, असंही कुणी म्हणू नये. ठाणे-कल्याण परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याची नवी जात म्हणून २०२१ साली नोंद झाली. सव्वीस अकराच्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना प्राण देणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिचं नाव ठेवलं 'आयसियस तुकारामी'. नखावर मावेल असा तो जीव.

मात्र फोटो काढून भागत नाही. तारीख, गाव, नेमकी जागा लिहून ठेवली, तरच तो पुढच्यांच्या कामाचा. वसईच्या वाड्यांमधली बावखलं बघा. पूर्वजांनी खणलेली ही तळी. त्यांच्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलं पिकली. त्यातली कितीतरी आज भराव घालून बुजली आहेत. वर इमारत उभी राहिली की इथे पाणी होतं, हे सांगूनही नव्या माणसाला पटत नाही. सातबाऱ्यावर जमिनीची नोंद राहते, बावखलाच्या काठावर बसणाऱ्या चतुराची आणि टाचणीची राहत नाही. त्यांचा एखादा फोटो, मागे तारीख आणि वाडीचं नाव घातलेला, कुणाच्या घरी असला तर तो कागद बोलेल: अमुक साली, अमुक जागी पाणी होतं आणि त्या पाण्यावर कुणीतरी जगत होतं.