640 केबीची काटकसर

नव्वदच्या दशकात मस्कतला, रुवीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये 386 संगणक होता. मेमरी 4 एमबी, तरी मुलांचा गेम सुरू करताना पडद्यावर यायचं की मेमरी अपुरी आहे.

मूळ दुखणं 1981 चं. आयबीएमच्या पहिल्या पीसीतला 8088 प्रोसेसर जेमतेम 1 एमबी ओळखायचा. त्यातली वरची 384 केबी पडदा आणि रॉमसाठी राखीव, प्रोग्रॅमसाठी उरली 640. पुढे यंत्रं वाढली, पण डॉस ही त्यांची कार्यप्रणाली त्याच खोलीत राहिली. 1991 च्या डॉस 5 ने वाट काढली. कॉन्फिग डॉट सिस या फाइलमध्ये हायमेम या मेमरी ड्रायव्हरची ओळ टाकायची, खाली ‘डॉस इक्वल टू हाय’ लिहायचं. डॉसचा बराचसा भाग 1 एमबीच्या वर सरकून 45 केबीच्या आसपास जागा मोकळी होई. 386 वर माउसचा ड्रायव्हरही राखीव भागातल्या रिकाम्या फटींत बसवता यायचा. मग ‘मेम स्लॅश सी’ टाइप करून आकडा वाढला का ते बघायचं. 1993 ला आलेलं मेममेकर हे आपोआप करी, पण मला हातानं रचलेली फाइलच जास्त भरवशाची वाटे.

तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. शुक्रवारी ओळखीच्या मराठी घरांतून बोलावणं येई, मी बूट फ्लॉपी खिशात घालून निघे. नवी मेमरी महाग होती. या चार ओळी फुकट होत्या.

आखातातल्या मराठी घरांत अशा फ्लॉपी अजून असतील. टाकून देण्याआधी त्यांतल्या फाइली उतरवून ठेवा.