गोळी थांबवा, गोळी थांबवू नका

जबलपुरात भूल देण्यात माझं आयुष्य गेलं. भेडाघाटहून येणाऱ्या पेशंटांत धुवांधारच्या वाटेवर मऊ दगडाच्या पिंडी नि गणपती कोरून विकणारे बरेच असतात. हर्नियासाठी दाखल झालेल्या अशाच एका कारागिराचं बीपी सकाळी २०० च्या वर निघालं. बायको म्हणाली, "पानी तक मना था, तो गोली कैसे देते?" ऑपरेशन पुढे ढकललं. तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, कारण एके काळी आम्ही भूल देणारेच बीपीची गोळी बंद करायला लावत होतो. तीही चांगली दोन आठवडे आधी!

या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईतली. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये बीपीसाठी सर्पगंधा दिलेल्या ५० रुग्णांचा अनुभव छापला. वैद्यांना ही मुळी जुनीच, पण पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष गेलं ते यानंतर. १९५२ मध्ये सिबा कंपनीच्या स्विस शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

घोळ झाला तो ऑपरेशनच्या टेबलावर. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअॅड्रिनॅलिनचा साठाच रिकामा करतं. अशा रुग्णांचं बीपी भुलेखाली कोसळल्याच्या बातम्या १९५० च्या दशकात येऊ लागल्या. ते वर आणायला इफेड्रिन द्यावं, तर इफेड्रिन काम करतं बरंचसं त्याच साठ्याच्या जिवावर! मग फतवा निघाला, गोळी आधीच बंद करा. पुढे लक्षात आलं की फेनिलएफ्रिनसारखं थेट रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध दिलं की बीपी वर येतं. १९७१ मध्ये ऑक्सफर्डच्या प्राइस-रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भुलेखाली बीपीचे खरे हेलकावे उपचार न घेतलेल्या रुग्णांतच जास्त. फतवा मागे पडला, पण घराघरांतली भीती राहिली.

भुलेची औषधंही बीपीला असेच हेलकावे देतात. १९३४ पासूनचं थायोपेंटोन आमच्या गुरूंच्या हातातलं. ते भरकन दिलं की बीपी खाली, आणि लगेच श्वासनळीत नळी घालायला लॅरिंगोस्कोपचं पातं जिभेच्या मुळाशी टेकलं की तेच बीपी आधीपेक्षा वर. १९७० च्या सुमाराचं केटामाइन छोट्या गावांतल्या ओटीत लाडकं झालं. एरवी गुणी औषध, पण नाडी आणि बीपी दोन्ही चढवतं, म्हणून बीपीच्या रुग्णांत मी ते टाळत आलो. इटोमिडेट बीपी जवळपास जागेवर ठेवतं. मात्र अतिदक्षता विभागात ते कित्येक दिवस चालू ठेवल्याने जास्त रुग्ण दगावतात, हे १९८३ मध्ये उघड झालं. अॅड्रिनल ग्रंथी दबत होती. शिवाय नळी घालतानाची उसळी ते एकटं थोपवत नाही, जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक लागतंच.

मग १९८६ पासूनचं दुधी प्रोपोफॉल. बीपी पाडण्यात ते थायोपेंटोनच्याही पुढे, तरी माझी पसंती त्यालाच. आधी फेंटानिल, त्याला चढायला तीन-चार मिनिटं. मग प्रोपोफॉलचे दोन मिली, थांबायचं, पापणीला स्पर्श करून बघायचं, पुन्हा दोन मिली. बीपीवाल्या म्हाताऱ्या माणसात औषध मेंदूपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. झोप येईना म्हणून घाईने पुढचा डोस ढकलला की दोन्ही डोस एकदम लागू पडतात. हात धुऊन उभे असलेले सर्जन घड्याळाकडे बघतात. बघू देत. कोणतं औषध यापेक्षा ते किती सावकाश दिलं, हे माझ्या लेखी मोठं.

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर बीपीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं भूलतज्ज्ञाला दाखवा. बहुतेक गोळ्या त्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टान' असलेल्या बऱ्याचदा त्या दिवसापुरत्या थांबवतात. बीटा ब्लॉकर आणि क्लोनिडिन मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका.