अस्तंभ्याची वाट आणि धावणाऱ्याचे वय

धनत्रयोदशीच्या दिवशी तळोद्याच्या बाजारात एक वेगळीच गर्दी असते. पणत्या, रांगोळी, लाह्या-बत्तासे घेणाऱ्यांच्या घोळक्यातून खांद्यावर झेंडे टाकलेली, फडक्यात भाकरी बांधून घेतलेली तरुण पोरांची टोळकी उत्तरेकडे निघालेली दिसतात. उभा महाराष्ट्र दिवाळी घरी करतो. आमच्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, ती डोंगर चढून करण्याचीही चाल आहे. अक्राणी तालुक्यातले अस्तंभ्याचे शिखर सुमारे चार हजार तीनशे फूट उंच. कोठार, असली ही गावे मागे टाकीत, नदीनाले ओलांडीत, बॅटरीच्या उजेडात लोक रात्री वर चढतात. वर अश्वत्थाम्याचे ठाणे आहे. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो या रानातून अजून हिंडतो, आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी लोकांची श्रद्धा.

सात चिरंजीवांत अश्वत्थाम्याची गणना होते खरी. पण इतरांना चिरंजीवित्व मिळाले ते बहुधा कौतुकाने, याला मिळाले शाप म्हणून. मरण नाही आणि जखम बरी होत नाही. चालून चालून थकलेल्या माणसाने रात्री दोन वाजता एखाद्या दगडावर टेकून या देवाचा विचार करावा, यात काही औचित्य आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

पण मला सांगायचे आहे ते देवाविषयी नव्हे, चढणाऱ्यांविषयी. या वाटेवर एक गोष्ट हटकून दिसते. पहिल्या चढणीला पोरे आरोळ्या ठोकीत पुढे पळतात. मागून एखादा साठी उलटलेला गडी हातात काठी, पायांत जुन्या टायरच्या वहाणा, अशा थाटात एकाच चालीने येत असतो. मध्यरात्र उलटली की तीच पोरे वाटेच्या कडेला पाय पसरून बसलेली आढळतात, आणि म्हातारा त्यांच्यापुढून "चला रे" म्हणत निघून जातो. हे पाहून आपण सुखावतो. म्हातारपणाविषयी कोणी काही बरे सांगितले की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ते खरे वाटतेच. परंतु ते खरे आहे का? वय वाढले म्हणजे माणसाचा वेग जातो, पण दम टिकतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. तिच्यात किती तथ्य आहे, हे तपासायला थोडे इतिहासात शिरले पाहिजे.

आपल्या इतिहासात धावणे हा खेळ नव्हता, पोटाचा उद्योग होता. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात कासीद आणि जासूद पानोपानी भेटतात. पुण्याहून निघालेला कागद नर्मदापार पोहोचायचा तो यांच्याच पायांनी. पुष्कळदा कासीद एकटा नसे, जोडी असे. एक वाटेत पडला तर दुसऱ्याने कागद पोहोचवावा, असा त्यातला रोकडा हिशेब. त्यांच्या मजुरीला अजुरा म्हणत. किती दिवसांत पोहोचायचे आणि किती अजुरा द्यायचा, हे कागदावर येई. धावणाऱ्याचे वय लिहिण्याची गरज मात्र सहसा कोणाला भासली नाही. पुढे इंग्रजी अमलात डाकवाले आले. हातात घुंगरांची काठी किंवा भाला घेऊन ते ठरावीक टप्पा धावायचे आणि थैली पुढच्याच्या हवाली करायचे. कासीद दिवसच्या दिवस चालत-धावत जाई, डाकवाल्याचा पल्ला काही मैलांचा. म्हणजे पहिल्याला दम हवा, दुसऱ्याला वेग. शरीरशास्त्राने पुढे शंभर वर्षांनी केलेला भेद टपालाच्या व्यवस्थेने आधीच करून ठेवला होता, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

खेळ म्हणून लांब पल्ल्याची शर्यत आपल्याकडे रुजली ती पुण्यात. डेक्कन जिमखाना १९०६ साली निघाला. तिथल्या क्रीडामहोत्सवाला सर दोराबजी टाटा आले, आणि तिथे त्यांनी पाहिले ते पुढे एका पत्रात लिहून ठेवले. सुमारे पंचवीस मैलांची 'डेक्कन मॅरेथॉन', धावणारे बहुतेक शेतकऱ्यांचे पोर, पायांत काही नाही, रस्ता खडीचा, शिक्षण शून्य. आणि तरीही पहिल्या तीन-चार जणांची वेळ युरोपातल्या वेळांशी तोलून पाहावी अशी. या एका दर्शनातून १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी पथक गेले. त्यात बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले होता, सदाशिव दातार होता, कुस्तीसाठी नवले आणि शिंदे होते. दातार शर्यत पुरी करू शकला नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन, २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत.

अँटवर्पची ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आज रूढ असलेल्या ४२.१९५ किलोमीटरहून अर्ध्या किलोमीटरने अधिक. हिशेब केला तर चौगुल्याला एका किलोमीटरला जवळजवळ बरोबर चार मिनिटे लागली. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

चौगुले गेला तेव्हा ऐन तारुण्यात होता. परत आल्यावर, तिशीत, चाळिशीत तो कसा धावला असता? हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलाच नाही. शर्यत ही जवानीची गोष्ट, लग्न-संसार झाला की संपली, असे धावणारा आणि पाहणारा दोघेही धरून चालत. शेतकऱ्याच्या पोराला तर दुसरा मार्गच नव्हता. धावण्याने घर चालत नसे. तेव्हा आपल्या जुन्या धावपटूंची उतारवयातली कामगिरी नोंदलेली नाही याचे कारण पुष्कळदा त्यांचे पाय नसून त्यांची परिस्थिती आहे.

अमेरिकेत त्याच सुमारास एक मुद्रक होता, क्लॅरेन्स डिमार. १९११ साली त्याने बॉस्टनची मॅरेथॉन जिंकली. त्याच वेळी डॉक्टरांनी त्याच्या छातीला नळी लावून हृदयात काही वेगळा आवाज येतो, आता धावणे सोड, असे बजावले. मधली काही वर्षे त्याने शर्यतींकडे पाठ फिरवली. मग तो परतला, आणि १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३० अशी आणखी सहा वेळा तीच शर्यत जिंकला. शेवटच्या विजयाच्या वेळी तो ४१ वर्षांचा होता. १९५८ साली तो कर्करोगाने वारला, तेव्हा त्याचे हृदय तपासण्यात आले आणि त्याचा अहवाल १९६१ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्याच्या धमन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. नळी लावणाऱ्या डॉक्टरांचा तरी काय दोष! कसलेल्या धावपटूचे हृदय कसे वाजते, हे ऐकून ठेवण्याचा सराव तेव्हा फार थोड्यांना होता.

डिमार कंपोझ जुळवीत आणि धावत असताना प्रयोगशाळांनीही हा विषय हाती घेतला होता. स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने धावण्याच्या विक्रमांचीच कोष्टके शास्त्राच्या कामाला लावली. १९३८ साली सिड रॉबिन्सन याने सहा वर्षांच्या पोरापासून नव्वदी पार केलेल्या वृद्धापर्यंत माणसे फिरत्या पट्ट्यावर चालवून-पळवून त्यांच्या श्वासातला प्राणवायू मोजला. तेव्हापासून जे कळत आले ते थोडक्यात असे. माणूस जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो हे त्याच्या दमाचे माप. पंचविशी-तिशीनंतर बैठ्या माणसात ते दर दहा वर्षांनी सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. जो नेटाने सराव चालू ठेवतो त्याच्यात ही उतरण पुष्कळदा निम्म्यावर येते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मात्र दशकागणिक सातेक ठोक्यांनी घटतेच. तिथे सरावाचे फारसे काही चालत नाही. झटक्याने आकुंचन पावणारे स्नायूचे तंतू आधी झिजतात, सावकाश काम करणारे अधिक काळ टिकतात. म्हणून शंभर मीटरवाला लवकर निवृत्त होतो आणि मॅरेथॉनवाला पस्तिशीनंतरही उभा असतो.

उदाहरणे हवी असतील तर पोर्तुगालच्या कार्लोस लोपेशने १९८४ सालची ऑलिंपिक मॅरेथॉन ३७ व्या वर्षी जिंकली आणि पुढच्याच वर्षी जगाचा विक्रम मोडला. केनियाच्या एलियुड किपचोगेने २०२२ साली बर्लिनला २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा तोही ३७ वर्षांचा होता. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतचा प्रवास पाहण्यासारखा आहे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. मग २०१६ साली, तिशी ओलांडल्यावर, गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्ण, आणि त्याच वर्षी रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच. वय वाढेल तसा पल्ला वाढवीत जायचा, ही लांब धावणाऱ्यांची जुनीच वाट आहे.

आता चौगुल्याचा आकडा काढू. कॅनडात एड व्हिटलॉक नावाचे गृहस्थ होते. २००४ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. किलोमीटरला साधारण ४ मिनिटे ९ सेकंद. म्हणजे अँटवर्पला हिंदुस्थानचे नाव राखणारा जवान चौगुले आणि हा सत्तरी उलटलेला म्हातारा यांच्यात किलोमीटरमागे अवघ्या नऊ सेकंदांचे अंतर! चौऱ्याऐंशी वर्षांत बूट सुधारले, रस्ते सुधारले, खाण्यापिण्याचे शास्त्र आले, हे सगळे वजा करूनही हा आकडा मला अस्वस्थ करतो. आपण ज्याला वय म्हणतो त्यात काळाचा वाटा किती आणि सोडून दिल्याचा किती? व्हिटलॉक रोज तासन् तास एका दफनभूमीच्या रस्त्यांवर धावत. त्यांना तेवढा वेळ होता. २०१७ साली ते गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ८५ व्या वर्षी, त्यांनी चार तासांच्या आत मॅरेथॉन धावली होती.

हे सारे हिशेब वयाचा दाखला हाती असलेल्यांचे. प्रौढांच्या जागतिक मैदानी स्पर्धा १९७५ साली टोरांटोला सुरू झाल्या. तिथे पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट पाडतात. तो नियम आमच्या जिल्ह्यात लावायचा तर मोठी पंचाईत. इकडच्या जुन्या माणसांपैकी निम्म्यांचा जन्म १ जूनचा! शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच सरकारदरबारी कायम झाली. ज्यांनी शाळाच पाहिली नाही त्यांचे वय दुष्काळावरून, पुरावरून, थोरल्या मुलाच्या लग्नावरून काढायचे. पंजाबच्या फौजा सिंगांचीही गत हीच झाली. २०११ साली टोरांटोला त्यांनी मॅरेथॉन पुरी केली ती शंभराव्या वर्षी, असे त्यांचे पारपत्र सांगत होते; पण १९११ सालचा जन्माचा दाखला कुठून आणणार? गिनेसच्या पुस्तकाने नोंद नाकारली. जुलै २०२५ मध्ये आपल्या गावाजवळ रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने ते वारले. ज्यांच्या देशात जन्म नोंदण्याची रीत नव्हती त्यांनी म्हातारे होऊन विक्रम करू नयेत, असाच या नियमाचा अर्थ होतो.

आणखी एक सावधगिरी. बॉस्टनच्या, टोरांटोच्या माणसांवरून काढलेले आकडे सातपुड्यातल्या माणसाला जसेच्या तसे लावता येतील, असे मला वाटत नाही. या पट्ट्यात सिकलसेलचा रक्तदोष पुष्कळ घरांत आहे, बालपणीची उपासमार आहे, उसतोडीला गुजरातेत जाणारी बिऱ्हाडे आहेत. इथे शरीर झिजते ते वर्षांनी आणि कामानेही. आणि दम लागतो तो पदकासाठी नव्हे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांना रस्ता नाही तिथून आजारी माणूस किंवा अडलेली बाई बांबूच्या झोळीत घालून खाली आणतात. चार खांदे, बदलायला आणखी चार. त्यांत विशीचा असतो तसा पंचावन्नचाही असतो. कोणाचे वय किती, हे तेव्हा विचारीत नाहीत. चढावर म्हाताऱ्यांना पुढच्या बाजूला घेतात. उतारावर नाही.

बारामतीकडच्या लता करे हिनेही २०१३ साली साठी उलटल्यावर शर्यत धावली ती नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून. नऊवारी पातळ, पाय अनवाणी, पल्ला तीन किलोमीटरचा, आणि पहिला नंबर. २०२० साली तिच्यावर मराठी चित्रपट निघाला आणि त्यात तिने स्वतःचीच भूमिका केली. दोराबजी टाटांनी पुण्यात पाहिलेल्या अनवाणी पोरांची ही सख्खी वारसदार. फक्त ती पोरे जवान होती आणि ही आजी होती.

उताराचे म्हटले ते उगाच नव्हे. अस्तंभ्याच्या वाटेवर रात्री पुढे गेलेल्या म्हाताऱ्यांचे कौतुक मी वर केले. सकाळची हकिगत सांगायची राहिली. चढताना काम पडते ते छातीला, आणि चालीचा हिशेब ज्याला ठाऊक तो तिथे वयावर मात करतो. पोरे दम वाया घालवतात, म्हातारा घालवीत नाही. एवढेच त्यातले रहस्य. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती भरून यायला वाढत्या वयात अधिक दिवस लागतात. गुडघ्यांचे तर विचारूच नका. झेंडा लावून, नारळ फोडून लोक खाली निघाले की पोरे दगडावरून दगडावर उड्या मारीत दिसेनाशी होतात.

एके वर्षी मी असाच मागे राहिलो होतो. रात्री मला मागे टाकून गेलेला एक म्हातारा आता प्रत्येक पावलाला काठी टेकीत, आडवा-आडवा उतरत होता. मी विचारले, "बाबा, वय किती झालं?" तो थांबला, खाली दरीकडे पाहिले, आणि म्हणाला, "चढताना चाळीस होतं." मग बिडी पेटवून तो एका दगडावर बसला. मीही बसलो. तळोद्याला जाणारी पहिली गाडी आम्हा दोघांचीही चुकली.