तारण (ख्रिस्ती)

येशू ख्रिस्तावरील विश्वासाने पापाच्या दंडातून सुटका होऊन सार्वकालिक जीवन लाभते आणि हे दान जिवंतपणी कोणालाही खुले असते, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा.

तिचा उगम नव्या करारात आहे. पौलाच्या पत्रांत तारण हे कर्माचे फळ नसून कृपेचे दान ठरते (पाहा : कृपा). लूकच्या शुभवर्तमानातील वधस्तंभावरचा चोर हे याचे टोकाचे उदाहरण. ना बाप्तिस्मा, ना सत्कृत्याला उसंत; तरी त्याला सुखलोकाचे वचन मिळते. मुदत मात्र मरणापर्यंतच. मरणोत्तर शुद्धीचे कॅथलिकांचे शुद्धिस्थानही (पाहा : शुद्धिस्थान) तारण मिळालेल्यांसाठीच असते, प्रॉटेस्टंट पंथ ते मानत नाहीत.

मराठीत हा विचार फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने (१६१६) ओवीबद्ध केला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी त्याला अभंग-भजनांचा वारकरी सूर दिला. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या संस्थेचे नावच ‘मुक्ती’, म्हणजे तारण.

नाशिकजवळच्या शरणपूर वसाहतीत चर्च मिशनरी सोसायटीने गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा, शिक्षण व धर्मदीक्षा दिली. तेथे शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेतील मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टनच्या शवासोबत लंडनला गेला. तारण ‘सर्वांसाठी’ असल्याचा दावा या जिल्ह्यात असा प्रत्यक्षात उतरला.

त्याच जिल्ह्यात इगतपुरीला १९७६ पासून धम्मगिरी येथे विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीची शिबिरे भरतात. तेथील मुक्ती स्वतःच्या साधनेची आणि जन्म-पुनर्जन्माच्या चौकटीतली, ख्रिस्ती तारणात जन्म एकच (पाहा : निर्वाण, मोक्ष, विपश्यना).